कोरड्या मिक्सरचा आवाज

आधी माफी मागते. माझं ऱ्हस्व-दीर्घ जागोजागी चुकलेलं असणार. अक्षर तर असं आहे की किराण्याची यादी दिली की दुकानदार ती मलाच परत वाचायला लावतो. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीची शाळा लांब होती आणि मळ्यात फुलं तोडायला हात हवे होते, म्हणून तिथंच थांबले. मुलीच्या दहावीच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर हे लिहितेय. दुपारी हे जेवून गॅरेजच्या बाकड्यावर आडवे होतात, तेवढा तास माझा असतो. कुणाला वाचायला द्यायचं नाही. मुलीच्या हाताला कधी लागलंच तर तिनं चुका मोजत बसू नये, म्हणून ही माफी.

आमचं गॅरेज पेठ रोडला आहे. पुढं पत्र्याची शेड, मागं दोन खोल्या. माझं माहेर मखमलाबादकडचं, फुलांच्या मळ्यातलं. ह्यांचं गाव घोटीजवळ, भाताचं. सासूबाई दर वर्षी तिकडून तांदूळ पाठवतात आणि त्याच्याबरोबर कणीची वेगळी पिशवी. हे मिस्त्री. आता नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपला जातात, तिथं त्यांना कॉम्प्युटर जोडतात. आमच्याकडं येतात त्या जुन्या. जुन्या गाडीचं दुखणं कानानं कळतं, असं हे लग्न झालं तेव्हा मला अभिमानानं सांगायचे. मग ह्यांचे कान गेले.

एकदम नाही गेले. मला कळलं ते कुकरमुळं. तीन शिट्ट्या झाल्या, मी गॅस बंद केला. हे चार हातांवर भाकरी खात बसले होते. म्हणाले, "आज शिट्टीच होईना का गं? गॅस संपला वाटतं." मी हसले, मला वाटलं चेष्टा करतायत. तोंडाकडं बघितलं तर चेष्टा नव्हती.

माणसाचं बोलणं ह्यांना ऐकू येतं. उजव्या बाजूनं, जवळून बोललं तर सगळं कळतं. ट्रकचा भोंगा कळतो. बारीक आवाज तेवढा गेला. शिट्टी, चिमण्या, मोबाइल, आणि गाडीच्या आतलं बारीक कुरकुरणं. पंचवीस वर्षं पत्रा ठोकल्याचं हे फळ. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू, कानाला मशीन मिळतं. हे म्हणाले, "कानात मशीन घातलेल्या मिस्त्रीला गाडी कोण देईल? तू देशील?" मीही दिली नसती.

तेव्हापासून आमची एक पद्धत पडली. गाडी दुरुस्त झाली की हे ती चक्कर मारायला काढतात आणि मी मागच्या सीटवर, ह्यांच्या बरोबर मागं बसते. मांडीवर भाजीची पिशवी. पिशवी रिकामी असते. कुणी विचारलं तर हे म्हणतात, जाता जाता हिला बाजारात सोडतो. आवाज आला की मी सीटच्या पाठीला बोट टोचायचं. सरळ चालताना आला तर एकदा, वळताना आला तर दोनदा. घरी आल्यावर तो कसा होता ते सांगायचं. माझ्याकडं शब्द म्हणजे स्वयंपाकघरातले नाहीतर मळ्यातले. ह्यांनी ते हळूहळू गाडीवर बसवून घेतले. चिमणीचं पिल्लू म्हणजे पट्टा. डब्यातले शेंगदाणे म्हणजे खालची रबरी बुशं. लांबून येणारं जातं म्हणजे चाकाचं बेअरिंग. मी सांगायचं, ह्यांनी ओळखायचं. चार वर्षं असं चाललं आणि कुणाला कळलं नाही.

समोर लेथवाले भावजी आहेत, मशिनवर लोखंड कातून देणारे. त्यांना फक्त चेष्टा कळली. "मिस्त्री, वहिनींना भाजीला रोज नवी गाडी! आमच्या घरी सायकलवर बसवतो म्हटलं तरी पाय दुखतात म्हणून ऐकवते." मी पिशवी तोंडासमोर धरून घरात पळायची. मला चारचौघांत बोलायला कधी जमलं नाही. घसाच बंद होतो.

मग ती पांढरी गाडी आली. गोल नाकाची, जुनी, दारं लावताना तिजोरीसारखी वाजणारी. गाडीवाले काका बँकेतून निवृत्त झालेले, गंगापूर रोडला राहणारे. गाडी त्यांच्या वडिलांची. त्यांचा उजवा खांदा आखडला होता आणि त्या गाडीचं स्टेअरिंग म्हणजे पाण्यानं भरलेलं पिंप सरकवावं इतकं जड. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, एकतर खांदा ठेवा नाहीतर गाडी.

"मिस्त्री, नव्या गाड्यांना असतं तसं एका बोटानं फिरणारं स्टेअरिंग हिला बसेल का?"

"बसवू की साहेब," हे म्हणाले.

मी दारात कोथिंबीर निवडत होते. ह्यांनी असलं काम कधी केलेलं नाही हे मला माहीत होतं. काकांना माहीत नव्हतं. त्यांनी कामाचे सगळे पैसे एकदमच दिले. "अर्धे आगाऊ, अर्धे नंतर असलं मला जमत नाही. माणसावर विश्वास ठेवायचा तर पूर्ण ठेवायचा." ते गेल्यावर हे बराच वेळ बोनेट उघडून नुसते आत बघत उभे होते.

ते यंत्र मला ह्यांनी समजावून सांगितलं, म्हणून लिहू शकते. इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो तेल दाबून स्टेअरिंगला जोर देतो. तेल एका बाटलीतून पंपात जातं आणि फिरून त्याच बाटलीत येतं. एवढंच. पंप आणि बाकीचं सामान एका मोडीत काढलेल्या गाडीचं भंगारातून आणलं. पंप बसवायची पट्टी भावजींनी लेथवर बनवून दिली. बाटलीही त्याच गाडीची होती. प्लॅस्टिकची, आतून काळी, चिकट.

"ही धुऊन दे गं," हे म्हणाले, "चकाचक पाहिजे. कचऱ्याचा कण राहिला तर पंप खलास."

मी धुतली. आमच्या घरात हात आत न जाणारी बाटली एकाच रीतीनं धुतात. मूठभर कणी घालायची, गरम पाणी आणि साबण घालायचा, तोंडावर अंगठा दाबून खळखळ हलवायचं. कणी कानाकोपऱ्यातला चिकटा काढते. आई गोडेतेलाची बाटली अशीच धुवायची. मी तीन वेळा नवी कणी घेऊन धुतली, पाणी निर्मळ येईपर्यंत खंगाळली, दिवसभर उन्हात उपडी ठेवली. दुधाची बाटली असावी अशी निघाली. ह्यांनी ती उजेडात धरून बघितली आणि समोर जाऊन भावजींना दाखवली. "कंपनीतसुद्धा अशी नाय धुवत," भावजी म्हणाले. आत मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी शिरा केला.

महिन्याभरात काम झालं. काका आले, स्टेअरिंगवर बसले आणि खरंच एका बोटानं त्यांनी चाकं पार उजवीकडं नेली. मग परत डावीकडं. त्यांचे डोळे भरले. "वडिलांना हे मिळायला हवं होतं," म्हणाले. ते ह्यांना म्हणाले, चला, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. मी पिशवी घेऊन मागं. "या ताई, तुम्हाला बाजारात सोडू," काका म्हणाले.

मखमलाबाद नाक्यापर्यंत गाडी मांजरीसारखी चालली. नाक्यावर वळताना तो आवाज आला. मी दोनदा बोट टोचलं. पुढच्या वळणाला पुन्हा आला, मोठा. मी पुन्हा दोनदा टोचलं.

"मिस्त्री, हे काय रडतंय?" काका म्हणाले.

"नवीन आहे साहेब. चार दिवस चालली की बसेल," हे म्हणाले. ह्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. ह्यांनी फक्त माझं बोट ऐकलं होतं.

घरी आल्यावर हे माझ्यासमोर बसले. "कसा होता?"

मला सांगता येईना. चिमणी नव्हती, शेंगदाणे नव्हते, जातं नव्हतं. असा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, कारण असलं स्टेअरिंग असलेली गाडी आमच्याकडं कधी आलीच नव्हती. मी म्हटलं, "डास कानाशी येतो तसा. लांबून बारीक, मग मोठा." हे विचार करून म्हणाले, पंपाचं बेअरिंग असेल. काकांचे पैसे तोवर सामानात गेले होते. ह्यांनी स्वतःचे घालून दुसरा पंप आणला. तो बसवला. आवाज तसाच.

मग दोन दिवसांनी चटणी वाटताना मला तो आवाज घरातच ऐकू आला. मिक्सरमध्ये पाणी घालायला विसरले होते आणि पातं नुसतंच कोरडं फिरत होतं. मी हात न पुसताच बाहेर गेले. "डास नाही, कोरडा मिक्सर. तसाच."

"कोरडा?" हे म्हणाले. "म्हणजे पंपाला तेल मिळत नाही. हवा धरलीय." मी त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसताना बघितलं.

हवा काढायची म्हणजे पुढची चाकं जॅकवर उचलायची आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचं. बुडबुडे येतात का ते बाटलीत डोकावून कुणीतरी बघायचं. बघायला हे, फिरवायला मी. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीच्या पुढच्या सीटवर, स्टेअरिंगमागं बसले, तेही भर सकाळी, पेठ रोडकडं तोंड करून. रिक्षावाले मान वळवून बघत होते. मी पदर पुढं ओढला तर समोरचं दिसेना.

"वहिनी, कुठपर्यंत पोचला?" भावजींनी लेथवरून ओरडून विचारलं.

"त्र्यंबकला," हेच म्हणाले. "आता घाटात हाय, बोलू नको तिच्याशी."

चाळीस-पन्नास वेळा फिरवलं. माझे दंड भरून आले. बुडबुडे आले आणि थांबले. संध्याकाळी चक्कर मारली तर गाडी गप्प. दुसऱ्या दिवशी दुपारी काकांना फोन करायच्या आधी पुन्हा एक चक्कर मारली, आणि वळणावर मिक्सर सुरू झाला.

पुढचे तीन आठवडे असेच गेले. पट्टा बदलला. पाइप बदलले. पाइपच्या क्लिपा बदलल्या. तेल काढून नवीन भरलं. बाटलीत वरून बॅटरी मारून बघितली, तर स्वच्छ. दर वेळी दिवसभर गाडी गप्प राहायची आणि मग सुरू व्हायची. काका एक दिवसाआड यायचे. पहिल्यांदा चहा घ्यायचे, मग चहा नको म्हणायला लागले.

मला एक गोष्ट कळली होती. आवाज सुरू झाला की इंजिन बंद करायचं, थोडं थांबायचं आणि परत सुरू करायचं, मग तो काही वेळ येत नाही. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तेल गार होतं ना तेवढ्यात." मला ते पटलं नव्हतं. पाच मिनिटांत तेल कुठं गार होतं? कढईतलं होत नाही. पण ऐकायचं काम माझं, विचार करायचं काम ह्यांचं, असंच आमचं चालत आलं होतं.

दुसरी गोष्ट लिहायला हात होत नाही, पण तिच्यासाठीच वही घेतली आहे.

कुठला पार्ट बोलतो ते शोधायला मिस्त्री लोक चालू इंजिनवर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवतात आणि त्याची मूठ कानाला लावतात. हे मूठ दातांत धरायला लागले होते. दातांतून डोक्यात काहीतरी जातं, म्हणायचे. त्या दिवशी काका समोर उभे होते, भावजीही आले होते. ह्यांनी दात लावून पंप बघितला, स्टेअरिंगचा डबा बघितला, आणि घामाघूम होऊन उभे राहिले. मग सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "अगं ए, जरा इकडं ये. तुझे कान तरुण आहेत, ऐक बरं."

भावजी हसले. "आता वहिनी मिस्त्री!"

मी गेले. मूठ कानाला लावली. पंपावर आवाज होता. पाइपवर होता. मग हात घसरला म्हणा की मी मुद्दाम नेला म्हणा, टोक बाटलीच्या बुडाला लागलं. तिथं आवाज वेगळाच होता. सुस्कारा टाकल्यासारखा. ग्लासाच्या तळाचं शेवटचं सरबत नळीनं ओढताना येतो तसा.

"कुठं आहे?" ह्यांनी विचारलं.

तिघंही माझ्याकडं बघत होते. बाटलीत काही फिरत नाही, काही घासत नाही, मग ती कशी बोलेल? मी बाटली म्हटलं आणि सगळे हसले तर? आणि ती तर मी धुतलेली. मी म्हटलं, "सगळीकडं सारखाच आहे."

हे मान हलवून परत बोनेटमध्ये वाकले. मी घरात आले. तेव्हा एक शब्द बोलले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

दोन दिवसांनी काका गाडी घेऊन गेले. भांडले नाहीत. "मिस्त्री, मी हायवेच्या वर्कशॉपला दाखवतो. तिथं माझ्या मेहुण्याची ओळख आहे." हे म्हणाले, "दाखवा साहेब." गाडी वळून रस्त्याला लागली तेव्हा ती रडत होती आणि ह्यांना ते ऐकू येत नव्हतं. हे शेडच्या खांबाला टेकून बघत होते, जणू सगळं ठीक आहे.

चौथ्या दिवशी काका रिक्षानं आले. खिशातून कागदाची पुडी काढली आणि बाकड्यावर उलगडली. तेलात भिजून पिवळी पडलेली कणी. दहा-बारा दाणे, काही चपटे झालेले.

"मिस्त्री, तुमच्याकडं गाडीला जेवण घालतात का?"

बाटलीच्या आत मध्यावर एक भोकांचा पडदा असतो, त्याच्या खाली जाळी, जाळीच्या खाली पंपाकडं जाणारी नळी. वरून बघितलं तर पडद्याच्या खालचं दिसत नाही. त्या लोकांनी बाटली कापली तेव्हा जाळीवर हे दाणे निघाले. पंप तेल ओढायला लागला की ते जाळीवर गच्च बसायचे आणि पंपाला तेल मिळायचं नाही. इंजिन बंद केलं की सुटे व्हायचे. काका हे सगळं सांगत होते आणि मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. कणी पडद्याच्या भोकातून खाली गेली होती आणि परत वर आली नव्हती.

भावजी समोरून आले, त्यांनी दाणे बोटावर घेऊन बघितले. "अरे, हा तर तुमच्या घोटीचा माल हाय की!"

ह्यांनी दाणे बघितले. मग एकदाच वर बघितलं, दाराकडं, माझ्याकडं. तांदूळ कुठले, कुणी पाठवलेले, कुठल्या डब्यातले, सगळं ह्यांना एका नजरेत कळलं. मला वाटलं आता हे बोलतील. खरं तर मीच बोलायचं होतं. पाच पावलांवर उभी होते.

"बाटली मीच धुतली साहेब," हे म्हणाले. "चूक माझी."

"चूक होते हो," काका म्हणाले. "पण वर्कशॉपच्या माणसांना आवाज गेटवर ऐकू आला. बोनेट न उघडता म्हणाले, तेल ओढत नाही. तुम्ही महिनाभर ऐकत होतात. तुम्हाला ऐकू येत नव्हता का?"

मला त्या वेळी जी भीती वाटली ती आयुष्यात कधी वाटली नाही. आता काका ह्यांच्या डाव्या बाजूनं हळू काहीतरी विचारतील आणि ह्यांना कळणार नाही. चार वर्षं पिशवी मांडीवर घेऊन जे झाकलं ते सगळं या दहा दाण्यांवरून उघडं पडेल.

वाचवलं ते भावजींच्या हसण्यानं. "ऐकू कसं येईल? भात शिजत होता ना आत!" काकासुद्धा नको नको म्हणत हसले. हेही हसले. कानाचा विषय तिथंच राहिला.

"तुमचे सगळे पैसे परत देतो," हे म्हणाले. "एकदम जमणार नाही. दर महिन्याला थोडे."

काका म्हणाले, सामान तर माझ्याच गाडीत आहे, सगळे नकोत. हे ऐकेनात. मग काकांनी छोटी डायरी काढून लिहून घेतलं.

मी आत जाऊन गॅसच्या ओट्यापाशी उभी राहिले. थोड्या वेळानं हे आले, हात धुतले, ताटावर बसले. म्हणाले, "भात लाव. भूक लागलीय." मी त्याच डब्यातला तांदूळ घेतला आणि भात लावला. ह्यांनी तो पोटभर खाल्ला. त्या दिवशी आणि नंतरही ह्यांनी मला बाटलीबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं. रडून तरी मोकळी झाले असते.

रस्त्यावर ह्यांचं नाव भातवाले मिस्त्री पडलं. गाडी घेऊन येणारे ओळखीचे विचारायचे, आज काय, साधा की मसालेभात? हे हसून घ्यायचे. गिऱ्हाईक थोडं कमी झालं, पण पार तुटलं नाही. लोक तांदळाला हसत होते, म्हणून कानाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. माझ्या चुकीनं ह्यांचं झाकलं गेलं, असं म्हणून मनाची समजूत घालायचे. ती काही पटायची नाही.

मी गाडीत बसायचं बंद केलं. मला स्वतःच्या कानाची भीती वाटायला लागली होती. ऐकलेलं सांगायचं धाडस नसेल तर ऐकून काय उपयोग? हेही बस म्हणाले नाहीत. एकटे चक्कर मारून यायचे. दोन महिन्यांनी एक टेम्पोवाला सकाळी नेलेला टेम्पो दुपारी परत घेऊन आला. "मिस्त्री, पट्टा केवढा किंचाळतोय! अख्खा रस्ता माझ्याकडं बघतोय. तुम्हाला ऐकू नाय आलं?"

"लक्ष नव्हतं," हे म्हणाले. मी घरातून ते ऐकलं. चिमणी होती ती. मला अंगणातूनच कळली असती.

त्या संध्याकाळी पट्टा बदलून झाला. मी बाहेर झाडायला आले तर टेम्पोच्या दाराच्या कडीला भाजीची पिशवी अडकवलेली होती. हे लांब उभे राहून हात पुसत होते. माझ्याकडं बघत नव्हते. मी झाडू ठेवला, पिशवी घेतली आणि आत बसले.

पैसे फेडायला दीड वर्ष लागलं. ह्यांच्या कामातून आणि माझ्या हारांतून. माहेरच्या मळ्यातून सकाळी फुलं यायची. मी हार करून रिक्षानं पंचवटीतल्या दुकानांत द्यायची. दुकानदाराशी बोलावं लागत नाही, हार टांगला की तो पैसे ठेवतो. मला जमेल असंच काम होतं ते. काका दर महिन्याला पेठ रोडच्या नर्सरीत रोपं घ्यायला यायचे तेव्हा आमच्या दारात थांबायचे.

परवा काका शेवटचे पैसे न्यायला आले. हे समोर भावजींच्या लेथवर काहीतरी कातून घेत होते. लेथच्या आवाजात ह्यांना गाडीचा भोंगा कळला नाही. पाकीट घरात तयार होतं. मलाच जावं लागलं.

पांढरी गाडी चालूच होती. काकांनी ती रस्त्याकडेला घेताना स्टेअरिंग पार टोकापर्यंत फिरवलं आणि मी कान देऊन ऐकलं. गप्प. मांजरीसारखी. मी खिडकीपाशी गेले, पाकीट पुढं केलं. दीड वर्ष मी एक वाक्य मनात घोळवत होते. हार करताना, भाकरी थापताना, हजार वेळा. हे समोर नव्हते, पुन्हा अशी वेळ येणार नव्हती.

मी म्हटलं, "बाटली मी धुतली होती. ह्यांनी नाही."

खरंच म्हटलं. माझ्या कानांना ऐकू आलं. पण इंजिन चालू होतं, मागून एक ट्रक आला आणि माझा आवाज तो केवढासा.

"काय म्हणालात?" काकांनी मान पुढं काढली.

मी उभी राहिले. ते वाट बघत होते, चांगल्या मनानं, भुवया वर करून. दुसऱ्यांदा माझ्याच्यानं होईना.

"मोजून घ्या, म्हटलं," मी म्हणाले.

त्यांनी मोजले. डायरी काढली, ओळ खोडली, आणि म्हणाले, "झाले. पूर्ण आले. मिस्त्रींना सांगा." काच वर केली आणि एका बोटानं गाडी वळवून गेले. नाक्यावर वळेपर्यंत मी ऐकत होते.

मग रस्ता ओलांडून लेथपाशी गेले. ह्यांची पाठ माझ्याकडं होती. मी उजव्या बाजूला जाऊन हळू सांगितलं. लेथ फिरत होती.

"काय?" हे म्हणाले. "किती राहिले?"

मी ह्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, इतक्या जोरात की भावजींनी दचकून लेथ बंद केली आणि पुढच्या पानटपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

"काही राहिले नाहीत. सगळे फिटले."